हातच्याचा लेखी खुलासा

श्रेयाच्या शाळेकडून आलेल्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं नाही, आणि मग पुढचे पुष्कळ दिवस अजिबातच दिलं नाही. पत्र इंग्रजीत होतं, शाळेचं बोधचिन्ह सोनेरी होतं आणि कागद इतका जाड, की तो दुमडतानाही आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडतो आहे असं वाटावं. मजकूर थोडक्यात असा: घटक चाचणीच्या वेळी इयत्ता दुसरीतल्या काही विद्यार्थ्यांच्या तळहातांवर पेनाने लिहिलेले आकडे आढळले, हा प्रकार घरी शिकवणाऱ्या एका व्यक्तीच्या सांगण्यावरून झाल्याचे समजते, सदर व्यक्तीने आपले नाव, शैक्षणिक पात्रता आणि लेखी खुलासा सादर करावा, तोवर गणिताचा निकाल राखून ठेवला असून प्रगतिपुस्तकात 'गैरप्रकार' असा शेरा मारण्याबाबत विचार सुरू आहे.

सदर व्यक्ती म्हणजे मी. आनंदा तळवडेकर, राहणार काळाचौकी, चाळ पाडून बांधलेल्या टॉवरचा नववा मजला. जन्मभर गिरगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ती राखणं हे माझं मुख्य काम. पाटी होती म्हणून निभावलं, नाहीतर कुणाला 'जरा हळू बोला' म्हणण्याइतका आवाज माझ्यात नाही. दुकानदाराने चुकून दुसरीच वस्तू दिली तर मी ती निमूटपणे घरी आणतो आणि माझी बायको सुभद्रा ती बदलून आणते. असल्या माणसावर कॉपी करणारी टोळी चालवल्याचा संशय यावा, याची मला धडकी भरली. त्याच वेळी आतून थोडं, अगदी थोडं, बरंही वाटलं. हे मी सुभद्रेला सांगितलेलं नाही.

सगळं सुरू झालं ते एका शब्दापासून.

श्रेया ही माझी नात. तिचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा विनीत आणि सून मेघना, दोघंही नोकरीवर. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती माझ्या ताब्यात, किंवा मी तिच्या. दहापर्यंतच्या बेरजा ती आपल्या बोटांवर करत असे. दहाच्या पुढे तिची बोटं संपत आणि ती माझी वापरायला घेई. माझी उजवी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली आहे. ती पूर्ण एक धरायची की कमी, यावर आमचे वाद होत. शेवटी मी ठरवलं, हिला उभी बेरीज शिकवून टाकावी म्हणजे माझे हात मोकळे होतील.

शाळेत म्हणे ते शिकवून झालेलं होतं. आठ आणि सात पंधरा, फाइव्ह लिहायचा आणि वन कॅरी करायचा. मी विचारलं, कॅरी करायचा म्हणजे काय करायचं? ती म्हणाली, कॅरी करायचा म्हणजे न्यायचा. कुठे न्यायचा? ते मिसनं सांगितलं नव्हतं. मग ती तो एक कधी वरच्या ओळीत नेई, कधी खालच्या, आणि एकदा तर शेजारच्या गणितात नेऊन ठेवला होता.

मी म्हणालो, "अगं, तो हातचा."

"हातचा म्हणजे?"

"हातात ठेवायचा. दशकाचं घर येईपर्यंत विसरायचा नाही."

तिने डावी मूठ घट्ट मिटली. दशकाचं घर आलं तशी अलगद उघडली आणि एक तिथे सोडला. अडतीस अधिक सत्तावीस, पासष्ट. त्या दुपारी तिने पान भरून बेरजा केल्या आणि एकही चुकली नाही. मला इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा घातली. एखादा शब्द इतका सोपा असतो की तो आपला आपण समजतो. समजावून सांगायला निघालं की घोटाळा सुरू होतो. मी त्या दुपारीच थांबायला हवं होतं.

पण आमच्या टॉवरमध्ये चाळ पडली तरी चाळीचे कान पडलेले नाहीत. समोरच्या अनुजाचा हर्षवर्धन श्रेयाच्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी अनुजा त्याला दारातून आत ढकलत म्हणाली, "काका, ह्याला पण बसवा ना. तुम्ही काय, घरीच असता." निवृत्त माणसाला हे वाक्य सारखं ऐकावं लागतं. जणू घरी असणं हे काम नसून जागा अडवणं आहे. अनुजाने ते भिशीत सांगितलं, भिशीने लिफ्टमध्ये, आणि आठवड्याभरात आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलं सोफ्यावर, मुलं टीव्हीखाली, एक मुलगी देव्हाऱ्याला टेकून बसायची आणि बेरीज चुकली की देवाकडे बघायची. सुभद्रा मुलांच्या डोक्यांवरून परात नेत म्हणाली, "अहो, तुम्ही बेरीज शिकवताय की जत्रा भरवताय?"

तेव्हा मी वर्ग लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत हलवला, आणि तिथे सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्ल हजर झाले. प्रफुल्ल हे नियमांचे भोक्ते आहेत. लोक जसे फाफडा खातात तसे ते उपविधी खातात.

"तळवडेकर, फी घेता?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"मग हा सामाजिक उपक्रम झाला. कॉमन जागेत सामाजिक उपक्रमाला कमिटीचा ठराव लागतो."

"आणि घेतली असती तर?"

"मग धंदा झाला. त्याला पण लागतो."

म्हणजे मी सज्जन असलो काय नि नसलो काय, ठराव अटळ होता. शिवाय मी फी घेत नाही याचं हमीपत्र त्यांना हवं होतं, आणि त्यावर दोन साक्षीदार. कुणी घेतं याला साक्षीदार मिळतो. कुणी काही घेत नाही याला साक्षीदार कुठून आणायचा? मी हे बोलून दाखवलं नाही. मी 'बरं' म्हणालो. माझ्या तोंडून 'बरं' इतक्या वेळा बाहेर पडतं की शेजारची लहान मुलं मला 'बरं आजोबा' म्हणतात असं नंतर कळलं.

यातून मला सोडवलं लवूने. लवू माझा चाळीपासूनचा शेजारी, तेव्हा भिंतीपलीकडे होता, आता स्लॅबखाली आहे. गिरणी गेली, दात गेले, मालवणी राहिली. तो म्हणाला, "अरे आनंदा, तू कित्याक घाबारतंस? मंडळाची खोली रिकामी आसा. थंय बस आणि शिकव." लवू गणेशोत्सव मंडळाचा सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे ज्याचं कुणी ऐकत नाही पण ज्याचा फोटो बॅनरवर असतो.

खोली रिकामी नव्हती. यंदाच्या देखाव्यासाठी पुठ्ठ्याचे खांब रंगवून ओळीने उभे होते आणि कोपऱ्यात एक अर्धवट हत्ती होता. मुलं खांबांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसली. मागच्या मैदानात ढोलाचा सराव चाले, त्यामुळे 'आठ आणि सात' एवढं म्हटलं की पुढचं सगळं ढोलच म्हणे. पण जागा मिळाली. मंडळाचा कार्यकर्ता मयूर तर भलताच खूश झाला. मंडळ शैक्षणिक काम करतं हे लोकांना कळायला पाहिजे म्हणाला, आणि माझा एक फोटो मागितला. मी पेन्शनच्या कामासाठी काढलेला दिला. त्यात मी नेहमीपेक्षाही घाबरलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोईवाड्याहून कमळाबाई आल्या. आमच्या जुन्या चाळीतल्या. पदर तोंडाला लावून, हातात नारळ नाही, फूल नाही, नुसत्या डोळे पुसत. दार मीच उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. सुभद्रा बाहेर आली तेव्हा आम्ही दोघंही अवघडून उभे होतो. कमळाबाई म्हणाल्या, "कोपऱ्यावरचा बोर्ड रात्री बसमधून बघितला ना मी."

मी चपला घालून कोपऱ्यावर गेलो. चौकाच्या मधोमध माझा तो फोटो, भोवती सोनेरी चौकट, वरच्या दोन कोपऱ्यांत झेंडूची छापील फुलं, खाली दोन समया आणि दोन्हींच्या मध्ये ठळक अक्षरांत 'भावपूर्ण बेरीज'. मयूरने आधीच्या कामाचा नमुना उघडून त्यातलं 'श्रद्धांजली' तेवढं बदललं होतं. खाली 'शोकाकुल' च्या जागी 'आयोजक' आणि मग पदाधिकाऱ्यांची नावं. मी मयूरला हळूच सांगितलं. तो म्हणाला, "काका, भावपूर्ण वाईट आहे का? उलट चांगलं वाटतं." कमळाबाई चहा पिऊन गेल्या, पण जरा नाराजच वाटल्या. टॅक्सी करून आल्या होत्या.

बोर्डामुळे मुलं वाढली. आणि मराठीची अडचणही वाढली. ही सगळी इंग्रजी शाळांतली मुलं. मी 'सदतीस' म्हणालो की ती माझ्याकडे असं बघत जणू मी कोकणातल्या एखाद्या गावाचं नाव घेतलं. एकोणतीस तर त्यांना सरळसरळ फसवणूक वाटली. ऐकू येतं तीस आणि निघतं ट्वेंटी नाइन. हर्षवर्धनने मला विचारलं, "आजोबा, खोटं का बोलतात त्याच्यात?" घरी जाऊन दोन कोश काढून बसलो आणि एक कमी का म्हणायचं हे शोधता शोधता भलत्याच शब्दापाशी जाऊन पोचलो. माझं नेहमी असंच होतं. शेवटी मी आकडे इंग्रजीत आणि हातचा मराठीत अशी तडजोड केली. "एट प्लस सेव्हन, फाइव्ह लिहा, हातचा वन." कानाला बरं वाटत नव्हतं, पण बेरजा बरोबर येत होत्या.

आता खरा घोटाळा. टेबलाशी बसून मूठ मिटणं सोपं. मांडीवर वही घेऊन डावी मूठ मिटली की वही घसरते. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात हातचा, मग वही धरणार कोण? मुलं हा प्रश्न मला विचारत होती आणि मी 'बरं' म्हणत होतो. हर्षवर्धनने तो सोडवला. त्याने पेन काढलं, तळहातावर एक लिहिला आणि मोकळ्या हाताने वही धरली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तळहातांवर एक होते. मी ते बघितलं. खरं सांगायचं तर मला ती युक्ती आवडली. हातचा हातावर, यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे? मी काही बोललो नाही, आणि माझ्या न बोलण्याला आजवर सगळ्यांनी संमतीच समजलेलं आहे.

घटक चाचणीच्या दिवशी श्रेयाच्या वर्गशिक्षिका, रश्मी मिस, बाकांमधून फिरत होत्या. एका मुलीचा तळहात दिसला. मग शेजारच्या मुलाचा. मग त्यांनी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं आणि काळाचौकीतून येणारी झाडून सगळी मुलं सापडली. प्रत्येकाच्या हातावर एकाखाली एक, एक, एक, एक. मुख्याध्यापिकांना बोलावलं गेलं. हा काहीतरी संकेत असावा असं ठरलं. आता, कॉपी करायची तर इतकी एकसुरी कॉपी कोण करेल? पण हा विचार करायला गणित लागतं आणि ती वेळ शिस्तीची होती. त्यातच एका बेरजेत तीन संख्या एकाखाली एक होत्या, तिथे हातचा दोन येतो. तो बाकीच्यांनी दोनदा एक लिहून धरला, फक्त हर्षवर्धनने सरळ दोन लिहिला. इतर सगळ्यांच्या हातावर नुसते एक आणि याच्या हातावर एक दोन, म्हणून त्याला सूत्रधार ठरवण्यात आलं.

त्या संध्याकाळी सगळ्या पालकांनी शाळेच्या ॲपवर खुलासे टाकून दिले. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, तळवडेकर म्हणून आहेत, ते शिकवतात. ज्या अनुजाने पोरगा माझ्या दारात ढकलला होता, तिने लिहिलं की काकांच्या वयाचा मान ठेवून आम्ही नाही म्हणू शकलो नाही. तिने मला ते वाचून दाखवलं, चांगलं जमलंय का विचारायला. मी शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली. माझा खुलासा मात्र ॲप घेईना. त्यात 'आई', 'वडील' आणि 'चालक' एवढेच पर्याय होते. शाळेच्या ऑफिसने मेघनाला कळवलं, पालक नसलेल्या व्यक्तीने टपालाने पाठवावं. आणि मग ते जाड पत्र आलं.

सल्ला द्यायला माणसं कमी पडली नाहीत. प्रफुल्ल म्हणाले, खुलाशात सोसायटीचं नाव येता कामा नये, आणि येत नाही याची एक प्रत सोसायटीला द्या. लवू म्हणाला, "पत्र कसला लिवतंस? शाळेत जा, मास्तरणीक सांग, बाय गे, ह्यो हातचो, कॉपी न्हय." लवूच्या तोंडी ते वाक्य इतकं निर्विवाद वाटलं की त्यालाच पाठवावं असं मनात आलं. पण तो दात घरी ठेवून जातो.

विनीतने माझं पहिलं मराठी उत्तर फोनमध्ये घालून इंग्रजी करून दिलं. फोनने 'हातचा एक' याचं 'हँडमेड वन' केलं होतं. त्या उत्तराप्रमाणे माझी नात परीक्षेला हाताने बनवलेला एक घेऊन गेली होती आणि योग्य जागी ठेवण्याआधीच तो पकडला गेला. शाळेने तेवढ्यावरून पोलिसांना बोलावलं असतं.

सगळ्यात भीती वाटली ती मयूरची. त्याला कुणीतरी सांगितलं की शाळेने मराठी शब्दावर आक्षेप घेतला आहे. तो संध्याकाळी पोरं घेऊन घरी आला, म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, आपण विषय उचलू." बॅनरचा मजकूर तयार होता: 'मराठी हातच्याचा अपमान सहन करणार नाही'. पक्षाच्या साहेबांच्या ऑफिसात बोलणं झालं होतं. साहेबांची मुलं कुठल्या शाळेत आहेत असं सुभद्रेने सहज विचारलं. मयूर म्हणाला, "वहिनी, तो विषय वेगळा." मी हात जोडून विनवलं. माझा पुन्हा फोटो लागेल या कल्पनेनेच मला घाम फुटला होता. या वेळी कमळाबाई नक्की येणार नाहीत, म्हणजे मी खरोखर गेलो तरी येणार नाहीत. सुदैवाने गणपती तोंडावर आले होते. मराठीचा प्रश्न विसर्जनानंतर हाती घ्यायचा, असं एकमताने ठरलं.

या सगळ्या गडबडीत मी उत्तरं लिहीत होतो. पहिल्या उत्तरात मी हातचा या शब्दाचा थोडा इतिहास दिला. थोडा म्हणता म्हणता तो पुष्कळ झाला, तळटीपा आल्या, तळटीपांना टीपा आल्या. मेघनाने वजन करून बघितल्यासारखे ते कागद हातावर तोलले आणि म्हणाली, "बाबा, मिस एवढं वाचणार नाहीत. कुणीच वाचणार नाही." दुसरं उत्तर मी रागाने लिहिलं. मला राग येतो तेव्हा मी फार शुद्ध लिहितो. ते वाचल्यावर मलाच माझी भीती वाटली आणि मी ते फाडलं. तिसरं इतकं नम्र होतं की त्यात मी कोण, काय केलं, कशाबद्दल, यातलं काहीच स्पष्ट होत नव्हतं.

पत्राला उत्तर गेलं नाही म्हणून शाळेचं काही अडलं नाही. अडलं श्रेयाचं. ती घरी आली की डावा हात फ्रॉकच्या खिशात. जेवताना बाहेर काढी, पुन्हा खिशात. मी एकदा सहज म्हणून विचारलं, "आठ नि पाच किती गं?" आधी हे विचारलं की ती उडी मारत उत्तर द्यायची. आता तिने खिशातल्या हातासकट अंग चोरलं आणि म्हणाली, मला नाही येत. मी म्हणालो, बोटांवर कर. तिने मान हलवली. माझी बोटं पुढे केली, वाकड्या करंगळीसकट. ती टीव्ही लावायला उठून गेली. मला बाकी काही कळत नसेल, पण पुस्तक अर्धवट मिटून परत करणारा वाचक ओळखायला मी जन्मभर शिकलो आहे. तो पुन्हा येत नाही.

मेघनाने तोड काढली होती. शनिवारी प्रगतिपुस्तकं मिळणार होती. त्याआधी सॉरी लिहून टाकायचं, शाळा शेरा मागे घेणार, आणि सोमवारपासून श्रेया परळच्या गणिताच्या क्लासला जाणार. तिथे मणी सरकवतात आणि डोळे मिटून बेरजा करतात. ती माझ्यावर चिडली नव्हती, हेच अवघड होतं. शेजारी बसून म्हणाली, "बाबा, तुम्ही चांगलंच शिकवलंत हो. पण शेरा लागला की पुढच्या शाळेत आधी शेरा दिसतो, पोरगी नंतर. दोन ओळी लिहा. कुणाचं काय जातं?"

तिचं बरोबर होतं. मी मुकाट्याने दोन ओळी लिहिल्या. माफी मागण्यात माझा हात चांगला आहे. खाडाखोड न करता लिहून झालेलं ते पहिलंच उत्तर. लिफाफ्यावर पत्ता घातला आणि दुपारी पोस्टात जायला निघालो तेव्हा श्रेया शाळेतून आली. तिने विचारलं, मिसला काय लिहिलंस? तिला मराठी अजून अक्षर लावून लावून वाचावं लागतं, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"माझी नात श्रेया हिच्याकडून चाचणीत चूक झाली. याबद्दल मी क्षमा मागतो."

तिने दप्तर खाली टेकवलं. मग म्हणाली, "कुठल्या गणितात?"

"काय कुठल्या गणितात?"

"चूक कुठल्या गणितात झाली? मिसनं तर सगळ्यांना राइट केलंय." तिने दप्तर उघडून चाचणीचा कागद शोधून काढला. हात खिशातून बाहेर काढावा लागला. सगळ्या बेरजांपुढे लाल शाईत बरोबरच्या खुणा होत्या. मार्कांच्या जागी लाल शाईची आडवी रेघ. ती एकेका गणितावर बोट ठेवत गेली, हे बरोबर, हे बरोबर, हे पण. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, तू बघ ना. तुला सापडते का."

मी चष्मा लावून तो कागद खरोखर तपासला. तिच्यासमोर 'अगं, ते तसं नसतं' म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. आणि मला चूक सापडली नाही. या सगळ्या दिवसांत मी शब्दाचा इतिहास शोधला, रागावलो, वाकलो, पण हा कागद मागून बघावा असं मला सुचलं नव्हतं. मेघनालाही नाही, अनुजालाही नाही. मुख्याध्यापिकांचं तर बोलायलाच नको. आम्ही सगळे हात तपासत बसलो होतो.

मी माफीचं पत्र फाडलं. आतून सुभद्रेने विचारलं, काय फाडलंत? मी सांगितलं. ती म्हणाली, मेघना आली की तुम्हीच सांगा. पण दारापाशी येऊन तिने मला कोरा कागद दिला.

मी मराठीतच लिहिलं. भाषांतर करायचं तर शाळेने करावं, त्यांनाही जरा फोन उघडू दे.

"महोदया, आठ आणि सात पंधरा होतात. पाच लिहिले की एक उरतो. तो दशकाच्या घरात जाईपर्यंत कुठेतरी सांभाळून ठेवावा लागतो, त्याला हातचा म्हणतात. माझ्या नातीने तो हातावर ठेवला आणि जिथे द्यायचा तिथे दिला. हे उत्तर चोरणं नव्हे, उत्तर काढणं आहे. तिची एकही बेरीज चुकलेली नाही, ही गोष्ट आपण स्वतःच लाल शाईने नमूद केली आहे. शेरा मारायचाच असेल तर तो मला मारावा. तिला तिचे मार्क द्यावेत. हर्षवर्धन याच्या हातावरचा दोनही बरोबर होता."

नाव घातलं. शैक्षणिक पात्रतेपाशी थोडा अडलो. मग लिहिलं: मॅट्रिक, गणितात काठावर पास.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, स्पीड पोस्ट करायचं ना? स्पीड हा शब्द ऐकून मी कचरलो. हे पत्र जरा सावकाश पोचलं तरी मला चाललं असतं, खरं तर सोमवारपर्यंत वाटेत राहिलं असतं तरी. पण श्रेयाने खिडकीच्या कठड्याला लोंबकळत, मला विचारायच्या आत, हो म्हणून टाकलं. बाईंनी लिफाफा ओढून घेतला, शिक्का हाणला आणि मागच्या टोपलीत टाकला.

तो टोपलीत पडता पडता माझ्या मनात आलं, 'स्वतःच' मधला विसर्ग मी दिला की राहिला? मी खिडकीत वाकून, जरा बघू शकतो का, असं विचारणार होतो. बाई म्हणाल्या, "आजोबा, गेलं ते आता. पुढचे या."